कोंबड्याचा दोष

नवरा ओंकार सुप्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला, भांडी घासून झाली, तशी दिशा खुडूक कोंबडीखालची अंडी घेऊन कोठीच्या अंधारात शिरली. कोंबडी अंडी उबवायला बसवून आठवडा झाला होता. एव्हाना कवचाआड वाढत्या पिलाच्या लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं. तिने मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरलं. प्रत्येक अंडं आतून नितळ उजळलं.

“सगळी रिकामी आहेत, आत्याबाई. दोष कोंबड्यात असणार.”

“कोंबडा झ्याक हाय माझा,” उंबऱ्यात बसलेली सासू, राहीबाई, म्हणाली. “या घरात रिकामं कोन हाय, ते समद्या गावाला ठावं हाय.”

दिशाच्या कानशिलांत रक्त चढलं. लग्नापासून दवाखान्यातल्या साऱ्या तपासण्या तिच्या एकटीच्याच झाल्या होत्या, आणि साऱ्या निर्दोष निघाल्या होत्या. ओंकारच्या तपासणीचं नाव काढलं, की राहीबाई भरल्या ताटावरून उठत असे.

“मग बघाच,” म्हणत तिने अंडी अंगणात आणली आणि परातीच्या काठावर एकामागून एक फोडली. पांढरं आणि पिवळं. रक्ताचा ठिपकासुद्धा नाही. शेवटचं अंडं तिच्या मुठीतच चुरडलं.

“आता सांगा, कुणाची तपासणी राहिलीय?”

राहीबाईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

कोंबडी अंड्यांच्या रिकाम्या पाटीतून उतरली होती. पंख सैल सोडून ती थांबत थांबत चालू लागली. मागे वळून बघे, पुन्हा चाले. मग तिने माती उकरली आणि पिलांना बोलवावं तशी हलक्या आवाजात बोलावू लागली.

“येडी झाली जनू,” राहीबाई पुटपुटली. तिने मूठभर कण्या टाकल्या.

कोंबडीने चोच लावली नाही. ती बाजूला उभी राहून नुसती बोलावत राहिली.

टिपणारं कुणी दिसत नव्हतं, तरी कण्या कमी होत गेल्या.

दिशा पुढे झाली. कोंबडी पिसं फुलवून तिच्या अंगावर धावली.

“ओंकारला मी सांगते,” राहीबाईचा आवाज पार खाली गेला होता. “उद्याच जाईल त्यो दवाखान्यात. पन पाय बघून टाक, पोरी.”

दिशाने उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. खाली नुसती माती होती.

दुसऱ्या पायाच्या घोट्याशी मात्र काहीतरी उबदार येऊन टेकलं होतं. ते अजून ओलं होतं.