पिकअपची मागची काच

दौलतरावांच्या जुन्या पिकअपची मागची काच तिसऱ्यांदा फुटली, तेव्हा कामरगावचा दिलावर काचवाला मनातल्या मनात चरफडला. आपण केलेलं काम परत परत करावं लागलं की कोणाही कारागिराचा जीव जळतो, आणि दिलावरचा तर जरा जास्तच जळायचा.

गाडी दौलतरावांच्या वडिलांच्या काळातली. हिरवी, गोल नाकाची, रणगाड्यासारखी जड. वांगी-टोमॅटो वाहून थकलेल्या त्या गाडीला दौलतरावांनी हौसेनं नवा रंग दिला होता, कारण रविवारी लेकीची, निकिताची, पाठवणी तिच्यातूनच करायची होती. असल्या गाडीची काच बाजारात तयार मिळत नाही. पुठ्ठ्याचा फर्मा काढून सपाट काच कापायची आणि रबराच्या चौकटीत बसवायची. काचेनंही दिलावरला सोडलं नव्हतं. त्याच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट एका पेरानं आखूड होतं. आता त्याचं त्याला काही वाटत नसे.

बायकोला, सबिहाला, आपल्या टेम्पोत घेऊन तो दौलतरावांच्या इंझोरीच्या मळ्यात पोचला तेव्हा ऊन रणरणत होतं. दौलतराव खाटेवरून उठलेही नाहीत.

"कच्ची काच देतं का बे तू?"

"काच पक्की हाय, भाऊ. कोनीतरी फोडून राह्यलं तिले."

"कोन फोडते? गाडीले कुलूप, किल्ली माह्या कमरेले. बाहेरून गोटा मारत असन कोनी."

दिलावरनं मागच्या हौद्याकडे बोट दाखवलं. सगळे तुकडे हौद्यात पडले होते. आत सीटवर एक कणसुद्धा नव्हता.

"बाहेरून गोटा मारला तर काचा आत पडतात, भाऊ. हे आतून फुटली."

"मंग मीच फोडतो म्हन ना! गपचूप काम कर अन् नीघ."

काच बसवायला दोघं लागतात. रबराच्या खाचेत दोरी घालून तिचं टोक आत सोडायचं. एकानं आत बसून ती दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून तळहातांनी काच दाबत राहायचं. दोरी निघेल तसं रबर पत्र्यावर चढत जातं. आतलं काम नेहमी सबिहाचं. काचेवर साबणाचा फेस असतो, एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून दोघांनी खूण ठरवलेली. आतून काचेवर एकदा वाजलं तर दाब. दोनदा वाजलं तर थांब. कित्येक वर्षं त्यात चूक झाली नव्हती.

आज मात्र सबिहा पायरीवर पाय ठेवून अडली.

"मले नाही बसाचं आत."

"काहून?"

"सीटले हात लावून पाहा. एवढ्या उन्हात थंडगार हाय."

दौलतराव खाटेवरून टक लावून पाहत होते. दिलावरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नखरे नको करू," असं म्हणून त्यानं तिला दंडाला धरून वर चढवलं आणि दार आपटलं. दारं लावलेलीच लागतात, नाहीतर जुनी चौकट वाकते. मग त्यानं बादलीत साबण घोळला, रबराला फासला आणि काच चौकटीला टेकवली.

टक्.

दिलावरनं दाबलं. दोरी सरकली, रबराचा एक वीतभर काठ जागेवर बसला.

टक्. पुन्हा दाबलं. खालची बाजू झाली, कोपरा वळला. आज सबिहाचा हात भलताच चालतोय, त्याला वाटलं. रुसली असली तरी कामाला पक्की. फेसाच्या पलीकडे तिची सावली काचेच्या अगदी जवळ आली होती.

टक्. टक्... टक्.

वरची बाजूही बसली. दोरी संपली.

टक्.

"झालं, सबिहा. उतर आता."

टक्.

दिलावरनं हात काढून घेतले. वाजणं थांबलं नाही. त्यानं बाहीनं फेस पुसला.

सबिहा काचेजवळ नव्हतीच. ती खाली, सीटच्या पुढच्या फटीत बसली होती. तिचा एक हात तेवढा काचेपर्यंत वर ताणलेला होता. तोंड उघडं होतं. ती ओरडत होती, आणि बाहेर आवाज येत नव्हता.

दार उघडेना. दौलतराव धावले. किल्ली फिरली, कुलूप निघालं, तरी दार हलेना. दुसऱ्या बाजूचंही नाही.

दिलावरनं हातोडा उचलला.

"डोळे झाक!"

त्यानं घाव घातला.

सगळी काच त्याच्याच अंगावर आली. आत सीटवर एक कणसुद्धा पडला नाही.

दिलावरनं सबिहाला चौकटीतून ओढून बाहेर काढलं. दौलतरावांनी हौद्यातल्या तुकड्यांकडे पाहिलं, मग घराकडे तोंड केलं. "शनिवारच्या आत दुसरी काच आन," ते म्हणाले.

परतताना टेम्पोत सबिहा दाराला चिकटून बसली होती. फाटा जवळ आला तसं दिलावरला राहवेना.

"दोनदा काहून नाही वाजवलं?"

"पहिल्यापासून दोनदाच वाजवून राह्यली होती मी. एकदा वाजवलं का माहा हात धरे. दुसऱ्यांदा वाजवूच देत नोतं. दोरीले तं मी हातबी नाही लावला."

"कोन?"

सबिहानं मनगट पुढे केलं. त्यावर साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता. साबण तर गाडीच्या बाहेर होता. चार बोटं आणि अंगठा उमटला होता. अंगठ्याशेजारचं बोट एका पेरानं आखूड होतं.

दिलावरनं करकचून ब्रेक मारला. "मी बाहेर होतो, सबिहा. माहे दोन्ही हात काचेवर होते." त्यानं तिच्याकडे हात नेला.

"हात नका लावू मले." ती दार उघडून खाली उतरली. "तुमी जा. मी मागच्या जीपनं येईन."

दार लागलं. क्षणभर ती बाहेर उभी राहिली. मग तिनं बोट वाकवून टेम्पोच्या काचेवर वाजवलं.

तिचं बोट दोनदा हललेलं दिलावरनं डोळ्यांनी पाहिलं. आत ऐकू मात्र एकदाच आलं.