बिनमशीनचं गिऱ्हाईक

खालच्या मजल्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानाचं पार्सल एका शनिवारी चुकून वर ऑफिसात आलं. ते पोचवायला खाली गेलेला प्रोग्रामर तिथेच अडकला.

फोनवर गाणी ऐकवणारं ॲप बनवणं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. कोट्यवधी गाणी खिशात घेऊन फिरणारा माणूस! पण काउंटरमागच्या मुलीनं पार्सल उघडलं, काळी तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरली, उजेडात तिरकी करून तिच्यावर हलकेच मऊ ब्रश फिरवला... आणि तो बघतच राहिला.

“हवीय?” तिनं विचारलं.

“हो,” तो म्हणाला. कुठली आहे तेही न बघता.

मग दर शनिवारी एक. दुकान तिच्या मामाचं. बंद पडता पडता ते आता पुन्हा भरलं होतं. कॉलेजची पोरं तासन्‌तास कव्हरं चाळत बसायची. मामा आत नळाखाली जुन्या रेकॉर्ड धूत असायचा.

“कशी वाटली?” ती दर वेळी विचारायची. हा तीच गाणी फोनवर ऐकून आलेला असायचा. द्यायचा ठोकून.

सातव्या शनिवारी ती म्हणाली, “उद्या तुमच्याकडे येऊन मशीन बघते. सुई बोथट असली तर रेकॉर्डची वाट लागते.”



“मशीन... म्हणजे...”

“बिघडलंय?”

“नाहीये. मशीनच नाहीये माझ्याकडे.”

आतला नळ बंद झाला.

“सहा रेकॉर्ड नेल्यात तुम्ही!”

“सहा वेळा तुमच्याशी बोलायला मिळालं. खोटं बोललो, चुकलंच. तुम्ही म्हणाल तर पुन्हा येणार नाही.”

ती ब्रश पुसत राहिली. “मला दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. पहिल्या रेकॉर्डमधल्या शेवटच्या गाण्याचं केवढं कौतुक केलंत! ते फोनवर आहे. रेकॉर्डवर ते गाणंच नाही.”

“मग... बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर आला असतात?”

मान खालीच होती तिची, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“माझ्या घरी आहे मशीन,” ती म्हणाली. “उद्या ये. सहाही घेऊन.”

‘या’चं ‘ये’ झालेलं त्यानं अचूक टिपलं. “किती वाजता?” एवढंच त्याला सुचलं.

“चारला. आणि आता नीघ. मामा बघतोय.”