म्हातारा कोणाकडे बघतो?

ती खुर्चीतून पुन्हा एकदा उठली, तेवढ्यात दार उघडलं.

"अहो, तुमचं काय चाललंय?"

दारात एक उंच मुलगा उभा होता. गळ्यात हेडफोन, हातात माइक.

"उठतेय," ती म्हणाली.

"ते कळतंय. पण कधीपासून उठताय! भिंतीपलीकडे मी पाण्याचा थेंब रेकॉर्ड करतोय. थेंब पडतो — टप्प! आणि मागून तुमची खुर्ची — कर्रर्र! थेंबाला संधिवात झालाय असं वाटतंय."

तिला हसू आलं. इतकं अचानक आलं, की ते आवरायचं कसं हेच तिला सुचेना.

तो त्याच फिल्म कॉलेजातला, साउंडच्या वर्गातला. सगळे त्याला 'कानसेन' म्हणत. ती ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या फिल्ममध्ये फारसं काही घडत नव्हतं. एक वयस्क माणूस खुर्चीत बसलेला असतो. बाहेर मुलीची चाहूल लागते. तो उठतो, दारापर्यंत जातो आणि दार उघडतो. बस्स.

"एवढंच?" कानसेनने विचारलं.

"एवढंच तर जमत नाहीये. बघा ना…"

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. चित्रातला म्हातारा खुर्चीतून उठला, तो फुगा सुटावा तसा, अलगद, तरंगत.

"याला काही वजनच नाही," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "कोण आहेत हे?"

"माझे बाबा. मागच्या वर्षी गेले." तिने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवली. "फोटो पुष्कळ आहेत. पण सगळ्यांत ते बसलेलेच. उठायचे कसे, तेच आठवत नाही…"

त्याने माइक टेबलावर ठेवला. थेंबाचं काय झालं, ते त्यालाच ठाऊक.

"मी उठून दाखवू? उंची आहे. पोट उसनं आणू."

मग शर्टाच्या आत उशी कोंबून कानसेन खुर्चीत बसला. ती समोर कॅमेरा धरून उभी. तो कण्हत उठला, कंबर धरून उठला, एकदा तर उठता उठता उशीच घरंगळून खाली पडली.

"अभिनंदन!" ती म्हणाली. "मुलगा झाला की मुलगी?"

"उशी झाली. नाक मात्र आईवर गेलंय."

दोघं पोट धरधरून हसले. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस ती ते चित्रण समोर ठेवून एकेक फ्रेम काढत राहिली. खांदा कुठे झुकतो, हात खुर्चीला कसा रेटतो, मान कधी वळते. असं आधारासाठी चित्रण घ्यायचं असतं, पण हुबेहूब उतरवायचं नसतं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. ती हुबेहूब उतरवत होती. तिला बरं वाटत होतं. भिंतीपलीकडून कधी खळखळ यायची, कधी कागदाची सळसळ. मग थोड्या वेळाने दार किलकिलं व्हायचं. "म्हातारा कुठवर आला?"

"गुडघे सरळ होतायत."

"सांभाळून म्हणावं. वय झालंय."

वर्गात फिल्मचा तुकडा दाखवायचा दिवस आला. म्हातारा उठला. वजन होतं, धाप होती. मॅडमनी मान डोलावली, मग भुवया आवळल्या.

"परत लाव गं… थांबव. हा कोणाकडे बघतोय?"

"कुठे, मॅडम?"

"हे बघ. उठता उठता डोळे बाजूला. दाराशी पोचला, तर पुन्हा मागे वळून. आणि बघणं कसं, तर चोरून! अगं, लेक दाराबाहेर आहे ना? मग खोलीत कोण आहे?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कॅमेरा कोणी धरला होता ते विचारा ना!"

वर्गात हशा पिकला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खरंच की… तो प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत होता. आणि तिने? तिने ते बघणं फ्रेम-फ्रेमने जसंच्या तसं उतरवलं होतं. अख्ख्या तुकड्यात डोळेच तेवढे सगळ्यात मन लावून काढलेले होते.

मॅडमही हसल्या, पण सोडलं नाही. "प्रेम उत्तम जमलंय. बाप जमला नाही. आठ दिवसांत बाप आण. नाहीतर ही फिल्म तुझी नाही."

ती घरी आली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. इतके दिवस टाळलेला प्रश्न लेकीने शेवटी विचारला.

"आई, बाबा उठायचे कसे गं?"

"उठायचे कुठे?" आई म्हणाली. "आधी जाहीर करायचे. 'चला' म्हणायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. उठवता उठवता माझा जीव जायचा." तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली. "फक्त तू आलीस की तसं नव्हतं. तुझी पावलं वाजली की नजर दाराला. खाली न बघता पाय चपला शोधायचे, आणि मग अंग उठायचं. आणि मला काय विचारतेस? तू स्वतः उठून बघ. अगदी तशीच उठतेस."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत ती बसली. पायांशी चपला. कानसेन कॅमेरा स्टँडवर चढवत होता. आज मान वर करायला तयार नव्हता.

"काल तुमच्या वर्गात माझी वरात निघाली म्हणे."

"निघाली," ती म्हणाली. "एकट्याची नव्हती. मी पण होते."

त्याच्या हातातला स्क्रू घरंगळत टेबलाखाली गेला. तो शोधायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

टेबलाखालून वर आल्यावर तो म्हणाला, "एक कर. डोळे दाराकडे ठेव. मी बाहेर जातो."

कॅमेरा सुरू करून तो गेला. दार लागलं. खोली शांत झाली.

मग बाहेर पावलं वाजली. भरभर, हलकी, डावा पाय किंचित घासत… जिन्याशी क्षणभर थबकलेली, पुन्हा भरभर. तिच्या अंगावर काटा आला. ती तिचीच चाल होती. इतकी वर्षं घरी येताना ती स्वतःला कधी अशी ऐकू आली नव्हती. बाबांना आली होती, रोज.

पाय आपोआप चपला शोधू लागले. एक सापडली, दुसरी उलटी. हात खुर्चीवर टेकला, पाठ पुढे आली, आणि सगळं वजन घेऊन ती उठली. घाईत. नजर दारावरून हलली नाही. तिने जाऊन दार उघडलं.

"जमलं?" त्याने हळूच विचारलं.

तिने मान डोलावली. डोळे पुसले. मग म्हणाली, "माझी चाल तुला कशी येते रे?"

"भिंतीपलीकडे असतो ना. तू आलीस की… मी रेकॉर्डिंग थांबवतो."

"का? आवाज येतो म्हणून?"

"नाही." आता मात्र त्याने सरळ तिच्याकडे बघितलं. "ऐकायला. मला तू आवडतेस. थेंब नंतरही पडतात."

ती हसली. बाजूला सरली.

"मग आत ये ना. दारात काय उभा आहेस?"

"अगं, कॅमेरा चालू आहे!"

"असू दे," तिने म्हटलं, आणि त्याचा हात धरला.