ठिणगी नसलेलं इंजिन

त्या सकाळी आमच्या तळ्यातले सगळे मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासत होते. म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपत आला होता, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तीन दिवस मळभ होतं, त्यामुळे सौरपट्ट्या थंड, बॅटऱ्या रिकाम्या आणि पाणी उसळवणारे पंप बंद. आईने दोन वर्षं जपून वाढवलेले मासे होते ते.

"फार तर अर्धा तास," आई म्हणाली. मला तर रडूच यायला लागलं.

उपाय एकच, शेडमधलं जुनं इंजिन. माझे आजोबा इंजिनांचे शास्त्रज्ञ. रस्त्यांवरची इंजिनं कधीच गेली, पण ह्यांचं प्रेम काही आटत नाही! त्यांनी टाकीत करंजाच्या बियांच्या तेलापासून केलेलं डिझेल ओतलं. त्यांची कंबर धरली होती, म्हणून हँडल फिरवायचं काम आमच्या यंत्रमानवाकडे, खटपट्याकडे आलं.

खटपट्याने इंजिनाला दोन प्रदक्षिणा घातल्या. "स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग) सापडत नाही. चोरी झाली आहे. इंजिन निकामी."

"चोरी कसली डोंबलाची!" आजोबा उखडले. "डिझेल इंजिनाला तो नसतोच."

"मग पेटतं कसं?" मी विचारलं.

"शाल्मली, सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला कसा लागतो?"

"गरम. हवा दाबली जाते ना."

"बस्स! ह्या सगळ्या इंजिनांत इंधन आतच, सिलिंडरमध्ये (बंद नळकांड्यात) जळतं, म्हणून ती अंतर्ज्वलन इंजिनं. त्यांचे प्रकार पाडताना आधी विचारायचं, पेटवतं कोण? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी. डिझेलच्या इंजिनात दट्ट्या (सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारा भाग) हवा इतकी दाबतो, की ती प्रचंड तापते. त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप भडका."

"आजोबा, मासे!"

"हो गं, हात चालू आहेत ना माझे?" खरंच, ते बोलता बोलता पंपाचा पट्टा चढवत होते. "मग बघायचं, दट्ट्याच्या किती धावांत काम उरकतं. हवा आत घेणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं. चार धावा लागल्या तर चार स्ट्रोकचं, दोनांत भागलं तर दोन स्ट्रोकचं. जुन्या कितीतरी स्कूटरी दोनवाल्या होत्या. शिवाय थंड कशाने होतं, हवेने की पाण्याने? आपलं हे डिझेलचं, चार स्ट्रोकचं, पाण्याने थंड होणारं. हं, मार हँडल!"

खटपट्याने हँडल गरागरा फिरवलं. वीस फेरे झाले, पन्नास झाले. इंजिन ढिम्म.

"प्लग नाही," खटपट्या पुन्हा म्हणाला. अस्सा राग आला मला!

तेवढ्यात इंजिनाच्या डोक्यावरचा एक दांडा मला उभा दिसला. "हा कशाला असतो?"

"तो उभा असला की झडप उघडी राहते आणि हँडल हलकं फिरतं," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच मी तो उभाच ठेवला आहे," खटपट्या ऐटीत म्हणाला. "शक्तीची बचत."

"अरे शहाण्या, झडप उघडी तर हवा बाहेर पळणार! दाबच नाही, तर तापणार काय आणि पेटणार काय?" मी ओरडले.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "बडबडीच्या नादात मी बघितलंच नाही! खटपट्या, फिरव जोरात. शाल्मली, वेग आला की दांडा पाड!"

मी पाडला. धाड! धाड! मग धडधडधड सुरूच झालं. पाइपातून पाणी उंच उडालं आणि हवा घेऊन तळ्यात कोसळायला लागलं.

आम्ही काठावर उभे राहिलो. बराच वेळ काहीच बदललं नाही. मग पाण्याखाली एक शेपटी वळली, मागोमाग चार-पाच, आणि बघता बघता सगळे मासे खाली गेले. आई तशीच चिखलात बसली. रडत होती आणि हसतही होती. मला तिने इतकं घट्ट धरलं की श्वास घेता येईना, पण मीही तिला तशीच बिलगले.

"नोंद दुरुस्त केली आहे," खटपट्या म्हणाला. "चोरी झालेली नाही."

आजोबा मात्र धुराकडे बघून नाक मुरडत होते. "हा धूर नको आता. हायड्रोजनवर चालणारं इंजिन बनवतोय मी. जळल्यावर मुख्यतः पाण्याची वाफ."

"त्यात पेटवणार कोण? ठिणगी की दाब?"

आजोबांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "तिथेच अडलोय गं मी. येतेस मदतीला?"