सात नंबरचा पाइप

फिजीतल्या सुवा शहरात एका वसतिगृहाचा दुसरा स्लॅब भरताना वायरिंगच्या सात नंबरच्या पाइपवरून काँक्रीटची हातगाडी गेली आणि तो चेपल्याचा आवाज एकट्या अपेनिसाने, तिथल्या इलेक्ट्रिशियनने, ऐकला. स्लॅब भरताना इलेक्ट्रिशियनला उभं करतात ते असं काही दिसलं की काम थांबवायला. पण खाली मिक्सरच्या गाड्यांची रांग, आणि पाइप सळ्यांना बांधले होते त्यानेच, तेही घाईत. एक चूक आधीच नावावर लागली होती. दुसरी लागली की परवाना जाणार. त्याने काम थांबवलं नाही.

अठराव्या दिवशी स्लॅबखालची आधाराची फळकुटं निघाली. भर दुपारी तो एकेका पाइपात पोलादी तार सारून बघत होता. खालच्या मजल्यावर, पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी, त्याचा मेव्हणा तोमासी. सहा पाइप मोकळे निघाले. सातव्यात तार चार मीटरवर अडली आणि अपेनिसाने जोर लावला.

मग ती एकदम सुटली. सरसर आत जाऊ लागली.

"आली का रे?"

"कुठली आली?" तोमासी खालून ओरडला. "माझ्या बहिणीला बोलाव वर, ती तरी नीट ढकलेल."

पाइप नऊ मीटरचा. वीस मीटर तार आत गेली होती. अपेनिसाने ढकलणं केव्हाच सोडलं होतं.

तार थांबली. मग तीन हिसके बसले. वायर बांधली, आता ओढ, ही त्यांची नेहमीची खूण.

"हिसके तू दिलेस?"

"मी हातसुद्धा लावला नाही." तोमासीची थट्टा विरली. "फोरमनला सांगू या. फोडून बघतील."

फोडलं की चेपलेला पाइप दिसणार. अपेनिसाने तार छाटली, उरलेलं टोक आत ढकललं आणि सोल्युशन लावून तोंडावर झाकण चिकटवलं. फोरमन मुनसामीला त्याने सांगितलं, "सगळे मोकळे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनसामी सातव्या पाइपापाशीच येऊन उभा राहिला. "मग वायर ओढायला हाच घे पहिला."

अपेनिसा गुडघे टेकून बसला. त्याला झाकणाला हात लावायचीही भीती वाटत होती.

"आली बघ तार!" खालून तोमासीचा आवाज आला, हायसं वाटल्यासारखा. "काल उगाच घाबरलो. टोकाला काहीतरी बांधलंयस का? जड लागतंय. ओढतो."

थांब म्हणायला अपेनिसाने तोंड उघडलं. मुनसामी त्याच्याकडेच बघत होता.

खाली तोमासी ओढू लागला.

तार झाकणाला बांधलेली नव्हती. तरी चिकटवलेलं झाकण हळूहळू आत खचत गेलं.