बडगीतला माणूस

“बडगी म्हणजे काय हो?”

मेहरूण तलावाच्या काठी, भरिताच्या गाडीपुढे उभं राहून त्यानं विचारलं, आणि ललिताचा हातच थांबला. खान्देशात राहून बडगी ठाऊक नाही? कुठून आला हा बाबा!

तिनं समोरचं खोलगट लाकडी भांडं थोपटलं. “ही बडगी. भाजलेली वांगी हिच्यात ठेचायची.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे... तो माणूस नव्हता?”

अमन त्याचं नाव. धुळ्याचा, मारवाडी जैन. घरात वांगं येत नाही, पण वडिलांच्या दुकानावर ऐकून अहिराणी समजायची. म्हणूनच नोकरी लागली: लोक सोशल मीडियावर टाकतात ते वाचायचं, वाईट असेल ते अडवायचं. मागच्या आठवड्यात मशीननं एक ओळ त्याच्यापुढे टाकली – ‘त्याले भाज, सालडं सोल, बडगीमा टाकीसन कूट, मंग बठ्ठा गावले बलाव!’ कुणाला तरी कुटून सगळ्या गावाला बोलवायची धमकी समजून यानं ती खालच्या लिंकसकट बंद केली. ‘बडगी’ मात्र डोक्यातून जाईना, म्हणून आज लिंकवरच्या पत्त्यावर आला.

“अरे देवा! माझी ओळ अडवली ते तुम्ही?” ललिता उसळली. “सगळी गिऱ्हाइकं त्याच लिंकवरून यायची. गाडी ओस पडली ना माझी!”

आणि मग तिला हसूच फुटलं... हसता हसता तिच्या मनात आलं: जग दिवसभर केवढं बोलतं, केवढं लिहितं! त्या अफाट गर्दीतून शिरपूरहून आलेल्या आपल्यासारख्या एका पोरीची ओळ निघते काय, आणि नेमकी याच्याच पुढ्यात पडते काय!

“आता काय करणार हो?”

“चुकलो, असं साहेबांना लिहून द्यावं लागेल. नोकरी नवीन आहे... बघू.”

“मग नका देऊ,” ती बोलून गेली. स्वतःचं नुकसान होत असताना!

त्यानं तिथंच, धुरानं डोळे चोळत, लिहून टाकलं.

लिंक उघडली. नोकरीही राहिली, साहेब म्हणे पोट धरून हसले. तेव्हापासून अमन दर रविवारी यायचा, एक घास न खाता मिरच्या निवडत बसायचा.

“एवढ्या लांबून येता कशाला? खात तर काही नाही.”

“तुम्हाला बघायला.” त्याचे कान लाल झाले. “आवडता तुम्ही मला... फार.”

ललितानं चुलीतल्या काड्या आत सारल्या.

“तुमच्या आईला काय आवडतं? वांगं सोडून सांगा.”

“आईला? का –”

“मंग! सून म्हणून पहिल्यांदा यायचं, तर रिकाम्या हातानं येऊ?”