समोरून येणारी बोट

ऑरिन आणि होशिया हे सख्खे भाऊ गेल्या दोन वर्षांत एका छपराखाली जेवले नव्हते. दोघेही ईरी कालव्यावर बोटी चालवायचे. थोरला ऑरिन बफेलोहून पिठाची पिंपं घेऊन पूर्वेला निघाला, की धाकटा होशिया ऑल्बनीहून शेगड्या भरून पश्चिमेला निघालेला असायचा. भेट व्हायची ती वाटेत, बोटी एकमेकींना ओलांडताना. ऑरिनचा खेचरवाला यॉस्ट काठावरून बोट ओढणारी खेचरं थांबवून त्यांचा दोर ढिला सोडायचा, दोर पाण्यात बुडायचा आणि त्यावरून होशियाची बोट सरकायची. तेवढ्या वेळात आईचा दमा, गाईचं वासरू, शेजाऱ्याचा कज्जा सगळं सांगून व्हायचं. उत्तर राहिलंच तर पुढच्या खेपेला. लोकांचे भाऊ निदान भांडायला तरी भेटतात, असं ऑरिन म्हणायचा.

त्या सप्टेंबरात त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायको लोव्हिना पुढे कालव्याकाठच्या फोर्ट प्लेनला होती, दिवस भरत आलेले. आधीची दोन बाळं तो कालव्यावर असतानाच आली आणि गेली. दोन्ही वेळा तिनं एकटीनं माती दिली. "ह्या वेळी दारात दिसला नाहीस, तर परत येऊच नकोस," असं तो निघताना ती म्हणाली होती, आणि ती काही गंमत करत नव्हती.

कालव्यावरचं रोम गाव मागे पडलं आणि दलदलीतला लांब सपाट पट्टा लागला. पाण्याला ना चढ ना उतार, त्यामुळे बोट चढवायला-उतरवायला कुठे थांबणं नाही. नुकतं जेवण झालं होतं. तेवढ्यात समोरून होशियाची बोट आली. यॉस्टनं दोर सोडला.

"दादा! मी निघालो तेव्हा वहिनीला कळा लागल्या होत्या! सुईण बसवून आलोय. जरा खेचरं दामट की, पीठ काय सांडणार आहे?"

"आलोच म्हणून सांग!" ऑरिन ओरडला. होशिया उलट्या दिशेला चाललाय, तो कुणाला सांगणार, हे बोट गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचं त्यालाच हसू आलं.

उन्हं कलली तेव्हा होशिया पुन्हा समोरून आला.

"मुलगी, दादा! फीबी ठेवलंय नाव, आपल्या आईचं. आवाज असा की सगळ्या आळीची झोप उडवली पोरीनं!"

"आणि लोव्हिना?"

"धडधाकट! तुझ्यावर चिडलीय तेवढी."

ऑरिनला आभाळ ठेंगणं झालं. त्या आनंदात त्यानं चिलीम भरली आणि ती पेटवता पेटवता त्याचा हात थांबला. कालवा एकच. दुपारी मागे गेलेला होशिया पुन्हा पुढून आला कसा?

"यॉस्ट! आत्ता गेली ती बोट..."

"कुठली बोट, मालक?" काठावरून यॉस्ट म्हणाला. "दुपारी दोर सोडला तो एकदाच. तेव्हापासून खेचरं थांबलीच नाहीत."

दोर खरंच ताठ होता, पाण्याच्या हातभर वर. त्यावरून बोट जाणं शक्यच नव्हतं.

पुढचं गाव उटिका, ते दिवेलागणीलाच यायला हवं होतं. सकाळ झाली तरी आलं नाही. धुक्यात दलदलीचा वास तेवढा दाटला होता. रोमला घेतलेला पाव ऑरिननं मोडून पाहिला. अजून मऊ होता.

तिसऱ्यांदा होशिया आला तेव्हा त्याची दाढी पिकलेली होती. त्यानं थट्टा केली नाही.

"फीबी शाळेत पहिली आली. वहिनी आताशा दारात येत नाही, दादा. वाट बघून डोळे शिणले तिचे. येतोस तरी कधी?"

"अरे, निघालोय ना! वाटेतच आहे!"

होशियानं मान हलवली. "दर वेळी हेच म्हणतोस."

ऑरिनची पाचावर धारण बसली. उतरून चालत जायचं, पळत जायचं, असं त्यानं ठरवलं. कालवा तर जेमतेम छातीइतका खोल. त्यानं बोट रेटायची लांब काठी पाण्यात घातली. काठी संपली, त्याचा खांदा भिजला, तरी तळ लागला नाही.

"यॉस्ट!"

धुक्यातून टापांचा आवाज येत होता, संथ. कुणी ओ दिली नाही.

पुन्हा बोट आली. सुकाणूवर एक तरुण बाई होती. हनुवटी लोव्हिनाची, आणि सुकाणू डाव्या हातात, ऑरिन धरायचा तसं.

"तुम्हीच ना ऑरिन?" तिनं परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं विचारलं. "ह्याच पट्ट्यावर भेटाल, असं होशियाकाका सांगून गेले. काका गेले ह्या हिवाळ्यात. आता घरच्या बातम्या मी आणत जाईन."

"फीबी..."

"आई बरी आहे. तुमचं विचारत नाही." बोट सरकू लागली. तिनं मान वळवून पोटावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच थोडं हसली. "पुढच्या खेपेला मी एकटी नसेन."

ऑरिनला खूप सांगायचं होतं. तो बोटीच्या कडेला धावेपर्यंत तिची बोट धुक्यात गेलीही.

बराच वेळ तो हमसून रडला. मग समोर धुक्यात काहीतरी हललं. ऑरिननं घाईघाईनं डोळे पुसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ओल्या हातानं केस सारखे केले. नातू असेल की नात, तेवढं त्याला कळत नव्हतं.